कुंदाकाकी आणि दोन काळ्या खिडक्या

कुंदाकाकी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. एकट्या नव्हे, टेम्पो भरून. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस म्हणजे बंद पडलेल्या एका बर्फाच्या कारखान्याची वरची खोली. खाली टेम्पो थांबला, त्यातून अकरा बोटींचे तांडेल उतरले आणि लोखंडी जिना चढायला लागले. बोट चालवणाऱ्या माणसाचं पाऊल कसं पडतं ते ज्याने ऐकलं असेल त्यालाच माझी अवस्था कळेल. मंदार, म्हणजे कंपनीचा मालक, मला विचारत होता, "कोण आलंय गं एवढं?" मला चांगलंच माहीत होतं कोण आलंय आणि कुणासाठी आलंय.

झालं होतं ते असं. मच्छिमार सोसायटीसाठी आम्ही एक ॲप करत होतो. हवा बिघडणार असं कळलं की समुद्रातल्या सगळ्या बोटींना एका झटक्यात इशारा जायचा. जिथे मोबाइलची रेंज आहे तिथे थेट तांडेलाच्या फोनवर, जिथे नाही तिथे किनाऱ्यावरच्या बोटमालकाला, आणि मालक आपल्या वायरलेसवरून पुढे कळवणार. प्रोग्रॅमर म्हणून मी एकटी. पुण्यातली नोकरी सोडून गावी परत आले होते आणि हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, अशा थाटात वावरत होते.

अशा कामात दोन सर्व्हर असतात. एक प्रॉडक्शन, म्हणजे खरा, लोक वापरतात तो. दुसरा टेस्ट, आपल्या सरावाचा. नवीन काम चढवायचं असो की इशारा सोडायचा असो, कमांड दोन्हीकडे तीच, फक्त शेवटचा शब्द बदलतो. खऱ्यासाठी प्रॉड, सरावासाठी टेस्ट. माझ्या स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असायच्या, एक याची आणि एक त्याची. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, समुद्र अगदी निपचित. मी सरावाचा इशारा लिहिला, "वादळी वारे. ताबडतोब बंदरात परत या." मग कीबोर्डवरचा वर जायचा बाण दाबला. त्याने मागची कमांड जशीच्या तशी परत येते, टंकायचे कष्ट वाचतात. एंटर मारलं. मागची कमांड प्रॉडची होती.

अकरा बोटी टाकलेली जाळी अर्धवट ओढून, मासळी सोडून, डिझेल जाळत बंदरात आल्या आणि वर बघतात तर आभाळात ढगाचा ठिपका नाही. बाकीचे बोटवाले हुशार, त्यांनी आधी आभाळ बघितलं. या अकरांनी आमच्यावर विश्वास टाकला होता, आणि आता तेच जिना चढून येत होते.

सगळ्यांत पुढे एक बुटकी बाई. पंचावन्नच्या घरातली, साडी चापून नेसलेली, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. ही कुंदा नाटेकर. बावीस वर्षं बंदरावरच्या सोसायटीच्या वायरलेसवर बसून बोटींशी बोलणारी. समुद्रातल्या सगळ्या तांडेलांना हिचा आवाज पाठ, तोंड मात्र निम्म्यांनीच पाहिलेलं. आमचं ॲप आलं तसा तो सेट मुका झाला आणि काकी घरी बसल्या. म्हणजे भांडायला त्यांच्याकडे दुप्पट कारण होतं.

मंदारने सुरुवात केली, "काकी, टेक्निकल एरर झाली. सिस्टीमने..."

"सिस्टीम बोलत नाय," काकी म्हणाल्या. "माणूस बोलतं. बोललं कोण?"

मी हात वर केला. शाळेतसुद्धा इतक्या हळू केला नसेल.

"कुठून बोललीस ते दाखव."

मी दोन खिडक्या दाखवल्या. काकींनी चष्मा चढवला, स्क्रीनला नाक लावलं. "ह्यातली खरी कुठची?" म्हटलं डावीकडची. "आणि कळतं कशावरून?" म्हटलं, वरती बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यांनी ती बारीक अक्षरं वाचली, चष्मा काढला आणि मागे उभ्या असलेल्या अकरा जणांकडे वळून म्हणाल्या, "हिला शिव्या देऊ नका. दोन्ही दारं सारखी रंगवून ठेवल्यावर माणूस चुकीच्या घरात शिरणारच. आज नाय तर उद्या शिरली असती."

माझ्या आयुष्यात माझी बाजू इतक्या चांगल्या तऱ्हेने कोणी घेतली नव्हती. तांडेल हळूहळू निवळले. एक तेवढा निवळला नाही. 'भैरीकृपा' बोटीचा दत्ताराम. तो जिन्यावरून मागे वळून मला शांतपणे म्हणाला, "ताई, ह्याच्यापुढे तुमच्या मेसेजकडे मी ढुंकून बघायचा नाय." आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंदार काकींच्या घरी गेला आणि त्यांना नोकरी देऊन आला. मला वाटलं, माफी म्हणून देतोय. काकींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी विचारलं होतं, "मला त्यातलं काय येतं रे?" मंदार म्हणाला होता, "बोलायच्या आधी विचार करायला येतं. आमच्याकडे ते कोणालाच येत नाही." मंदार माझा मालक आहे, तरी हे वाक्य त्याचं स्वतःचं आहे हे मी मान्य करते.

आल्या दिवशी काकींनी पहिलं काम काय केलं, तर खऱ्या सर्व्हरची खिडकी लाल करायला लावली. बंदरावर धोक्याचा बावटा लागतो तसली. टेस्टची हिरवी. मग नावं बदलली. टेस्ट, प्रॉड हे शब्द त्यांना मान्यच नव्हते. "दोन्ही इंग्रजी, दोन्ही तोकडे, घाईत एकासारखे एक दिसतात." टेस्ट झाली भातुकली आणि प्रॉडक्शन झालं चूल. "भातुकलीत वाळूचा भात करा, सांडा, लवंडा, कोणाचं काय जात नाय. चुलीशी जाताना पदर खोचून जायचं." कमांडमध्ये अर्थात जुनेच शब्द राहिले, ते बदलणं आमच्या हातात नव्हतं. पण ऑफिसात बोलताना मात्र महिन्याभरात मंदारसुद्धा फोनवर पुण्याच्या माणसाला "आज भातुकलीत टाकलंय, उद्या चुलीवर चढवतो" असं सांगायला लागला. पलीकडच्या माणसाला आम्ही खानावळही चालवतो असं वाटलं असणार.

चुलीसाठी त्यांनी वेगळं टेबल मागितलं. वेगळा कॉम्प्युटर, वेगळा कीबोर्ड. दुसऱ्या दिवशी मी येऊन बघते तर त्या कीबोर्डवरचं एक बटण गायब. काकींनी घरून मासे साफ करायची सुरी आणली होती आणि वर जायच्या बाणाचं बटण उचकटून काढलं होतं. मी कपाळाला हात लावला. "काकी, अहो, सगळं जग हे बटण वापरतं."

"वापरू दे. जुना निरोप नव्याने वाचायचा नाय. दर वेळेला नवा टंकायचा. बोटांना कळलं पाहिजे आपण काय बोलतोय ते." आणि ते बटण त्यांनी आपल्या चष्म्याच्या डबीत टाकून दिलं.

मग भातुकलीच्या बोटी. सरावाच्या यादीत मी खऱ्या बोटींचीच नावं भरली होती, आयती होती म्हणून. काकींनी ती यादी बघितली आणि जीभच चावली. "बाय माझे, खेळातल्या बाहुलीला शेजारणीचं नाव ठेवतात काय?" त्यांनी सगळी नावं पुसली आणि बसल्या बैठकीला बारा बोटी पाण्यात सोडल्या. पडवळ, दुधी, कारलं, सुरण, तोंडली, भोपळा. सरावाचे इशारेही त्याच लिहायच्या. "पडवळा, घरी ये, आमटी गार झाली." "भोपळ्या, वाट चुकलास काय?" त्यामागे विचार होता. असला निरोप चुकून खऱ्या तांडेलाला गेला तर तो हसेल, जाळी सोडून येणार नाही. आणि खऱ्या कामाच्या वेळी स्क्रीनवर भाजी दिसली तर आपण चुकीच्या घरात आहोत हे आंधळ्यालाही कळेल. मी आठ वर्षं या धंद्यात काढली, मोठाल्या कंपन्यांत काढली, इतकं साधं शहाणपण मला कोणी शिकवलं नव्हतं.

पण काकींचं खरं तंत्र म्हणजे परत बोलणं. वायरलेसवर निरोप दिला म्हणून काम संपत नाही. पलीकडच्याने तोच निरोप आपल्या तोंडाने परत बोलायचा, मग तो पोचला. हे त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. चुलीवर काही चढवायचं तर एकाने कमांड टंकायची, एंटर दाबायचं नाही. स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने ऐकायचं, पडताळायचं आणि एंटर दाबायचं त्याने. बोलणारा वेगळा, दाबणारा वेगळा. मी घाईत "कालचंच आहे हो" म्हटलं की त्या हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या. पूर्ण वाचेपर्यंत हात मांडीवरून उठायचा नाही.

घरीही तेच. एकदा मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांचे यजमान बाजाराला निघाले होते. काकी आतून म्हणाल्या, "अर्धा किलो वांगी, मिरच्या, आणि दळण." त्या गृहस्थांनी चपला घालता घालता छताकडे बघत म्हटलं, "अर्धा किलो वांगी, मिरच्या, दळण. ओव्हर." आणि माझ्याकडे बघून पुटपुटले, "तीस वर्षं झाली, अजून एकदाही चुकीची भाजी आणली नाही. संसारात दुसरं काही सांगण्यासारखं नाही."

ही पद्धत त्यांनी ॲपमध्येही घालायला लावली. इशारा गेला की आमच्या पडद्यावर "पाठवला" असं यायचं आणि आम्ही खूश. काकी म्हणाल्या, "पाठवला ते तुझं झालं. त्याने ऐकला काय?" मग मी सोय केली, की इशारा मिळाल्यावर तांडेलाने किंवा मालकाने एक बटण दाबून "वळलो" असं उलट कळवायचं. आमच्या यादीत बोटीची ओळ तोवर लाल, मग हिरवी. काम पाच दिवसांचं होतं. ज्या दिवशी ते चुलीवर चढवलं त्या दिवशी काकींचा चेहरा लग्नघरातल्या यजमानिणीसारखा फुलला होता. त्यांना या कामाची मनापासून गोडी लागली होती. पदर खोचायच्या, खुर्ची पुढे ओढायच्या, म्हणायच्या, "बोल अनुजा, काय बोलायचं ते." आणि या कामाला इतकी वर्षं डाव्या हातचा मळ समजणाऱ्या मला त्या वाक्याने दर वेळेला शहारा यायचा. खोटं कशाला सांगू, आठवलं तरी अजून येतो.

वेळापत्रकही त्यांचंच. चुलीला हात लावायचा तो बोटी बंदरात असतील तेव्हा, आणि ते भरती-ओहोटीवर. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने मंदारला विचारलं, तुम्ही नवीन आवृत्ती कधी चढवता, दर शुक्रवारी का? मंदारने पंचांग उघडून सांगितलं, "तिथीवर आहे." गिऱ्हाइकाने काम आम्हालाच दिलं.

आता तो दिवस सांगते.

पावसाळा सरून समुद्र नुकता उघडला होता. मासळी भरपूर, त्यामुळे त्रेसष्ट बोटी बाहेर. मंदार मुंबईला. काकी आंजर्ल्याला भाचीच्या बाळाच्या बारशाला गेलेल्या, त्या दिवशी एसटीने परत येत होत्या. ऑफिसात मी एकटी. सकाळी मी एक दुरुस्ती भातुकलीत चढवली होती. इशारे कधीकधी रांगेत अडकून राहायचे, त्यावरची दुरुस्ती. पडवळ, दुधी सगळे सुरळीत घरी आले होते. चुलीवर मात्र बोटी आल्यावर चढवायची, काकींच्या नियमाप्रमाणे.

दुपारी एकला हवामानाचा इशारा आला. संध्याकाळपर्यंत जोराचे वारे. मी तो चुलीच्या टेबलावरून, एकटीनेच वाचून, खऱ्या बोटींना सोडला आणि यादीकडे बघत बसले. त्रेसष्ट ओळी लाल. दोन मिनिटं, पाच मिनिटं, एकही हिरवी नाही. इशारा रांगेत अडकला होता, जे मी सकाळीच दुरुस्त केलं होतं आणि जे अजून भातुकलीतच होतं. आणि त्याच वेळी वीज गेली. चुलीचं टेबल काळं पडलं. माझा लॅपटॉप तेवढा जिवंत, आणि आणीबाणीसाठी त्यावरून दोन्हीकडे जायची सोय मंदारने ठेवली होती.

मी काकींना फोन लावला. त्या हातखंब्याला रस्त्याच्या कामात अडकलेल्या एसटीत. मी सगळं एका दमात सांगितलं. नियम त्यांचा, मोडायचा तर त्यांनीच. पलीकडे ट्रकचे हॉर्न, कंडक्टरचा आवाज. मग काकी म्हणाल्या, "उतरतेय मी गाडीतून. घराला आग लागली तर पाण्याचा मुहूर्त बघत नाय कोण. चढव चुलीवर. पण बोलून."

माझ्या लॅपटॉपवर सगळी बटणं जागच्या जागी होती. मी वर जायचा बाण दाबला, सकाळची कमांड आली. मी ती मोठ्याने वाचली, शेवटचा शब्द "प्रॉड".

"दाबू?" मी विचारलं.

"थांब. मला दिसत नाय तुझा पडदा. शेवटाकडून वाच."

"काकी, त्रेसष्ट बोटी आहेत बाहेर."

"म्हणूनच बोलतेय. वायरलेसवर बोटीचा नंबर आम्ही उलटा वाचून घ्यायचो. सुलटं वाचताना तोंड पुढे पळतं, डोळे मागे राहतात. शेवटच्या अक्षराकडून वाच."

मला त्यांचा संताप आला. खरंच आला. खिडकीबाहेर माडांच्या झावळ्या एका बाजूला वळायला लागल्या होत्या आणि ही बाई हातखंब्याच्या नाक्यावर उभी राहून मला उलटी बाराखडी म्हणायला लावत होती. मी दात खाऊन वाचायला लागले, "टी. एस..." आणि तिथेच थांबले.

प्रॉडच्या शेवटी टी येत नाही. स्क्रीनवर टेस्ट लिहिलेलं होतं. मी मघाशी वाचलं ते स्क्रीनवरचं नव्हे, माझ्या डोक्यातलं. एंटर दाबलं असतं तर "यशस्वी" असं आलं असतं, दुरुस्ती पुन्हा एकदा भाज्यांना मिळाली असती, आणि खऱ्या बोटींना इशारा का जात नाही हे शोधत मी तास घालवला असता. तेवढा तास समुद्राकडे नव्हता.

"काय झालं गो?"

"टेस्ट आहे, काकी."

त्या रागावल्या नाहीत, समजावलं नाही, काहीच नाही. फक्त म्हणाल्या, "पूस. नवीन टंक." मी पुसलं, एकेक अक्षर टंकलं, सुलटं वाचलं, उलटं वाचलं. "दाब," त्या म्हणाल्या. मी दाबलं. दीड मिनिट काहीही हललं नाही. मग यादीत एक ओळ हिरवी झाली. मग तीन. मग एकदम दहा-बारा. मी त्या रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत उभी राहून बोटींची नावं फोनवर ओरडून सांगत होते आणि नाक्यावरच्या कुठल्याशा वडापावच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या काकी प्रत्येक नाव माझ्यामागून परत बोलत होत्या. वडेवाल्याला काय वाटलं असेल देव जाणे.

बासष्ट ओळी हिरव्या झाल्या. एक लालच राहिली. भैरीकृपा.

इशारा त्या बोटीला पोचला होता, ते दिसत होतं. मी पुन्हा पाठवला, तोही पोचला. फोन लावला, उचलत नाही. दत्ताराम स्वतःच मालक, स्वतःच तांडेल, किनाऱ्यावर कळवावं असं कोणी नाही. आणि तो का वळत नाही हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. बोटीवर सहा माणसं होती. मी मघाशी जे काही केलं ते सगळं त्या एका लाल ओळीपुढे शून्य वाटायला लागलं.

"काकी, दत्ताराम वळत नाही. माझ्यामुळे वळत नाही."

"रडायचं ते मागाहून. बंदरात ये. मी टेम्पो पकडतेय."

मी स्कूटर पिटाळत बंदरावर पोचले तेव्हा बर्फाच्या टेम्पोतून काकी उतरत होत्या, बारशाच्या जरीच्या साडीत, मागून भिजलेल्या. सोसायटीच्या इमारतीला बाहेरून जिना आहे, वर वायरलेसची खोली. किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. पावणेदोन वर्षं बंद असलेला सेट त्यांनी सुरू केला, धूळ पदराने पुसली आणि माइक तोंडाशी धरला.

"भैरीकृपा, भैरीकृपा. कुंदा बोलतेय. ओव्हर."

खरखर. त्यांनी पुन्हा म्हटलं. तेच शब्द, तोच सूर, जराही चढलेला नाही. तिसऱ्यांदा म्हटल्यावर खरखरीतून आवाज आला, "काकी? सेट चालू झाला काय परत? ओव्हर."

"दत्ता, वारा फिरतोय. जाळी काप आणि ये. ओव्हर."

"मेसेज आला होता दोनदा. मला वाटलं ताईंचा खेळ चाललाय. खरा काय मग? ओव्हर."

"खरा. मी बोलतेय. आता तू परत बोल."

"जाळी कापतो, येतो, काकी. ओव्हर."

मी जिना उतरून धक्क्यावर गेले.

भैरीकृपा सगळ्यांत शेवटी आली, वारा उठायच्या अगदी आधी. धक्क्यावर सगळं बंदर जमलं होतं. दत्ताराम वर चढला, काकींना म्हणाला, "तुम्ही नसता तर आलो नसतो." मला वाटलं, काकी पहिल्या दिवसासारखी माझी बाजू घेतील. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मला नको सांगू. हिला सांग."

म्हणून त्याने मला सांगितलं. एकदा जाळी ओढून आलो, ऊन पडलेलं होतं, तेव्हापासून तुमच्या मेसेजला मी माशाच्या खवल्याचीही किंमत देत नाही. सगळ्यांसमोर सांगितलं. मीही सगळ्यांसमोर सांगितलं, की तेव्हा चुकले ती मीच, आणि आज दुपारीही चुकत होते. तो म्हणाला, "मग खाली नाव टाका की. कोण बोलतंय ते कळू दे. नुसतं 'इशारा' लिहून येतं, ते कोणाचं समजायचं? चुकलात तर शिवी कोणाला द्यायची ते तरी कळेल." लोक हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं.

तेव्हापासून प्रत्येक इशाऱ्याखाली नाव जायला लागलं. पण मी भित्री. मी नाव घातलं ते काकींचं. "कुंदाकाकी बोलतेय." बोटी भराभर वळायच्या, दत्तारामसुद्धा. वर्षभर मी त्या नावाआड लपून इशारे पाठवले. काकींना ते आवडत नव्हतं. "जे मी बोलले नाय ते माझ्या नावावर कशाला?" म्हणायच्या. मी विषय बदलायचे.

गेल्या मे महिन्यात त्यांनी काम सोडलं. गुडघे लोखंडी जिना चढू देईनात. शेवटच्या दिवशी त्या चुलीच्या टेबलाशी बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बोल अनुजा." चढवायचं काय होतं, तर एकाच ओळीचा बदल. इशाऱ्याखालचं त्यांचं नाव काढून माझं. तो बदल त्यांनी मला न विचारता मंदारकडून लिहून घेतला होता. मी कमांड टंकली, सुलटी वाचली, उलटी वाचली. त्यांनी शांतपणे ऐकलं, मांडीवरचा हात उचलला आणि एंटर दाबलं. "झालं," म्हणाल्या, आणि डबा पिशवीत भरायला लागल्या.

माझ्या नावाचा पहिला खरा इशारा सोडायची वेळ परवा आली. बोटी कमी होत्या, चाळीसेक. मी इशारा लिहिला, खाली "अनुजा बोलतेय", आणि मंदारने दाबलं. ओळी हिरव्या व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागला, असं मला तरी वाटलं. भैरीकृपा सव्विसावी. ती हिरवी झाल्यावर मी खुर्चीतून उठले, स्कूटर काढली आणि बंदरावर गेले, का ते मलाही सांगता यायचं नाही.

काकी तिथे होत्या. धक्क्याच्या कडेला, टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांत, गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या. वायरलेसच्या खोलीचा जिना त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर होता. किल्लीही असणार पिशवीत. त्या समुद्राकडे बघत होत्या आणि बोटी एकेक करून आत शिरत होत्या. दत्ताराम आला, त्याने धक्क्यावरून त्यांना हात केला. शेवटची बोट बांधून झाली तशा त्या उठल्या, शेजारणीला काहीतरी म्हणाल्या आणि बाजाराच्या रस्त्याने घरी निघाल्या. मी लांबूनच बघत राहिले. एकाही बोटीला स्वतः हाक मारायला त्या जिना चढल्या नव्हत्या.